नऊ वाजून दहा मिनिटांची फाईल

मंगळवारी सकाळी साडेदहाला अरुंधती हरकरे यांनी संगणक सुरू केला आणि आपल्या मिरचीच्या पुस्तिकेच्या फायली उघडायला गेल्या, तर प्रत्येक फायलीपुढे बदलल्याची वेळ होती आजचीच, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. नऊ दहाला अरुंधतीताई स्वतः घरी होत्या. कांदेपोहे परतत होत्या आणि पाणी उशिरा आलं म्हणून नळावर चिडल्या होत्या. फायलींना पाय फुटत नाहीत, हे एकोणसाठाव्या वर्षी त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग नऊ दहाला तिथं कोण बसलं होतं?

उत्तर त्यांच्या डाव्या हाताला, चार फुटांवर बसलं होतं आणि स्टीलच्या ग्लासातून पाणी पीत होतं. रीना. ऑफिसात सगळ्यात आधी तीच यायची आणि किल्लीही तिच्याकडेच असायची. अरुंधतीताईंनी काही विचारलं नाही. संशय आला की तो लगेच बोलून मोकळं व्हावं, असा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या संशयाला बसायला पाट द्यायच्या, वाढायच्या, आणि तो चांगला धष्टपुष्ट झाला की मगच बाहेर काढायच्या.

ऑफिस शहरातल्या सदर भागात, चष्म्याच्या दुकानाच्या वर. मालक ओमप्रकाश अग्रवाल. काम एकच: शेतकऱ्यांसाठी माहितीच्या पुस्तिका लिहायच्या आणि छापून आणायच्या. अरुंधतीताई तिथं एकवीस वर्षं लिहीत होत्या. त्याआधी त्या एका कचेरीत मराठी टंकलेखक होत्या, मिनिटाला चाळीस शब्द, आणि ‘एकही खाडाखोड नाही’ हे वाक्य त्या अजूनही सहज कुठंतरी पेरायच्या. आता त्यांची नेमणूक वर्षावर्षानं वाढायची. यंदा मार्चमध्ये ओमप्रकाशजी कागदावर सही करता करता म्हणाले होते, “देखू अरुंधतीजी, पुढच्या साली कसं काय ते.” सही झाली, पण ते ‘देखू’ ताईंच्या कानातून काही गेलं नाही.

आणि एप्रिलमध्ये रीना आली. सत्तावीस वर्षांची, संगणकाचं शिकलेली, सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर. तिनं आल्या आल्या लिहिण्याची पद्धतच बदलली. आता सजवलेल्या पानावर लिहायचं नाही. साध्या कोऱ्या फायलीत साधा मजकूर टंकायचा आणि फक्त खुणा करायच्या. मथळ्याआधी एक खूण, यादीच्या प्रत्येक ओळीआधी तारा, तक्त्याला उभ्या रेघा. मग संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की एक छोटं साधन या खुणा वाचतं आणि छापखान्याला हवी तशी, ठळक मथळ्यांची, अनुक्रमणिकेची, रंगीत चौकटींची आरटीएफ फाईल तयार करतं. छापखान्यातला पानं लावणारा माणूस तसलीच फाईल घ्यायचा, दुसरी नाही. कुठल्या खुणेचं छापताना काय व्हायचं, हे रीनानं एका सेटिंगच्या फायलीत लिहून ठेवलं होतं. ती फाईल अरुंधतीताईंनी कधी उघडली नव्हती. गाडीत बसावं, इंजिनात डोकावू नये, असं त्यांचं मत होतं.

पहिल्या आठवड्यात मात्र भलतंच झालं होतं. तयार झालेल्या फायलीत ताईंचे मथळे होते, याद्या होत्या, पण परिच्छेद गायब. रीनानं लिहिलेल्या पानांवर सगळं जागच्या जागी. ताईंनी आवाज चढवला. रीना आली, त्यांच्या फायलीत काहीतरी खुडबुड केली, मग काहीतरी समजावू लागली. ताई म्हणाल्या, “मला शिकवू नकोस. नीट करून दे.” रीनानं करून दिलं. त्यानंतर तीन महिने एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं.

तेव्हा नाही, पण आता अरुंधतीताईंना ते आठवलं. तिचं राहतं आणि माझंच जातं? आणि तिनं हात लावला की परत येतं? इथं कुठंतरी पाणी मुरत होतं.

बुधवारी फायलींची वेळ नऊ आठ होती. गुरुवारी नऊ बारा. ताईंनी आपल्या डायरीत मागच्या पानावर, किराण्याच्या यादीखाली, या वेळा बारीक अक्षरात लिहून ठेवल्या. बुधवारी संध्याकाळी घरी जाताना त्यांनी एका प्रकरणाची छापील प्रत काढून पर्समध्ये घातली होती. गुरुवारी सकाळी तेच प्रकरण पुन्हा छापून त्यांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. एक शब्द बदललेला नव्हता. एक काना मात्रा नाही. स्वल्पविरामसुद्धा नाही. परिच्छेदांआधीच्या जागा तेवढ्या उडाल्या होत्या, पण ते रोजचंच, संगणकाचा हलगर्जीपणा; ताईंनी त्या रोजच्यासारख्या पुन्हा भरल्या.

दुसरं कुणी असतं तर इथं हुश्श केलं असतं. ताईंची झोप उडाली. काही बदलायचं नाही, तर मग रोज सकाळी फाईल उघडायची कशाला? याचं एकच उत्तर त्यांना दिसत होतं: उतरवून घ्यायला. एकवीस वर्षं गावोगाव फिरून गोळा केलेलं ज्ञान, भिवापूरच्या बायकांच्या अंगणात बसून टिपलेलं, बी कसं राखायचं, मिरची कधी तोडायची, फवारताना काय जपायचं. ते सगळं ही पोरगी आपल्या नावावर ओमप्रकाशजींपुढं ठेवणार आणि पुढच्या मार्चला ‘देखू’चं ‘देख लिया’ होणार. त्यात भर म्हणजे ओमप्रकाशजी दुपारी चहा पिता पिता म्हणाले, “अरुंधतीजी, पोट्टी हुशार हाय बरं. तुमचं सगळं काम पाहून घेते म्हणे.” ताई हसल्या. कप खाली ठेवताना बशी वाजली.

शुक्रवारी त्या मुद्दाम नऊलाच पोहोचल्या. काचेच्या दारातून त्यांना दिसलं: रीना स्वतःच्या नव्हे, त्यांच्या खुर्चीवर बसली होती. डोळे पडद्यावर आणि उजव्या हाताचं एक बोट एकाच कळीवर टक, टक, टक, टक, टक. मग खाली सरकायचं, पुन्हा टक टक. ताईंनी दार ढकललं.

“ताई? आज लवकर?” रीना उठून उभी राहिली. तिनं पडद्यावरची खिडकी मिटलेली ताईंनी पाहिली.

“काय करत होतीस?”

“काही नाही. फायली पाहून घेऊन राहिली होती. तुमचा पंखा लावून देऊ का?”

“नको,” ताई म्हणाल्या. चोर सापडला की पंख्यावर बोलतो, हे त्यांनी मनातल्या मनात लिहून घेतलं.

त्या दुपारी त्यांनी आपल्या सगळ्या फायली एका कप्प्यात टाकल्या आणि त्याला परवलीचा शब्द लावला. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, कुठं लिहिलाही नाही. शनिवारी सकाळी त्या आल्या तेव्हा रीना दारातच भेटली. चेहरा उतरलेला.

“ताई, तुमच्या फायली उघडून नाही राहिल्या.”

“माझ्या आहेत. मी उघडीन.”

“नाही, तसं नाही. पण बाहेर जायच्या आधी मले एक वेळा पाहू द्या. दहा मिनिटं लागतात फक्त.”

“एकवीस वर्षं माझं लिहिलेलं कुणी न पाहता बाहेर गेलं आहे,” अरुंधतीताई म्हणाल्या. रीना काही बोलायला गेली, थांबली, मग मान हलवून आपल्या जागी गेली. दुपारी तिला चुलत बहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं, सुट्टी आधीच मंजूर होती. निघताना ती पुन्हा ताईंच्या मेजापाशी घोटाळली. ताई वर न पाहता टंकत राहिल्या. ती गेली.

पुस्तिका त्याच दिवशी छापखान्यात जायची होती. सोमवारी भिवापूरच्या मिरची पिकवणाऱ्या बायकांच्या गटाला पहिली प्रत दाखवायची होती आणि त्याच आठवड्यात त्यांचा फवारणीचा हंगाम सुरू होत होता. साडेचारला अरुंधतीताईंनी स्वतः त्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. क्षणभर काळी खिडकी उघडली, मिटली, आणि आरटीएफ तयार. एवढंच? या एवढ्यासाठी ही पोरगी एवढा आव आणते? त्यांनी फाईल उघडली. मुखपृष्ठ ठीक. अनुक्रमणिकेत बाराही प्रकरणांची नावं ओळीनं होती. पानांचे आकडे कोरे होते, पण ते नेहमीच कोरे असायचे, छापखान्यात फाईल उघडून ताजे केल्यावर भरायचे. शेवटच्या पानावर औषधाच्या प्रमाणाचा तक्ता, रेघा सरळ, आकडे बरोबर. खिडकीतून ऊन पडद्यावर येत होतं आणि खाली छापखान्याचा माणूस गाडीवरून उतरला होता. ताईंनी खाली जाऊन पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. जिना चढताना त्यांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

सोमवारी अकरा वाजता भिवापूरहून शोभाताई आल्या. त्या गटाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, आणि बोलायला कधी कुणाला घाबरल्या नाहीत अशा. छापखान्याचा पहिला नमुना ओमप्रकाशजींच्या मेजावर आला होता. चहा आला. शोभाताईंनी चष्मा लावला आणि पानं उलटू लागल्या. एक, दोन, पाच. मग त्या मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या.

“साहेब, पुस्तक पातळ झालं काय?”

ओमप्रकाशजींनी नमुना हातात घेतला. चौसष्ट पानांची पुस्तिका एकोणीस पानांची झाली होती. मथळ्याखाली मथळा. यादीखाली तक्ता. मध्ये काहीच नाही.

“मी काय म्हनते,” शोभाताई म्हणाल्या, “याच्यात औषध पान्यात कितीक टाका, ते हाय. तोंडाले दुपट्टा बांधा, वाऱ्याच्या समोरून फवारू नका, हातपाय धुतल्याबिगर भाकर खाऊ नका, ते काहून नाही? आमच्या बायांनी सांगतलं होतं तुमाले, ताई. तुम्ही लिहून घेतलं होतं माह्यासमोर. हे आता तसंच वाटलं असतं अन् एखादी बाई पडली असती, तं कोनाले इचारलं असतं मी?”

ओमप्रकाशजींचे कान लाल झाले होते. त्यांनी ताईंकडं पाहिलं, मग रीनाकडं.

“ये कैसे हुआ?”

आणि अरुंधतीताईंचा इतके दिवस पोसलेला संशय पाटावरून उठला. त्यांनी पर्समधून डायरी काढली. आवाज टंकलेखन परीक्षेसारखा स्वच्छ होता. मंगळवार नऊ दहा. बुधवार नऊ आठ. गुरुवार नऊ बारा. शुक्रवारी रीना आपल्या खुर्चीवर बसलेली आपण स्वतः पाहिली. “पहिल्या आठवड्यातही माझाच मजकूर गेला होता, साहेब. हिचा नाही. मी कुणावर उगाच आळ घेत नाही. तारखा आहेत माझ्याकडे.”

“रीना,” ओमप्रकाशजी म्हणाले, “अरुंधतीजींच्या फायली तू रोज उघडते?”

“हो.”

“काहून?”

रीनानं ताईंकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कुणीतरी अंगावर गरम चहा सांडावा आणि काय झालं ते कळायच्या आधीचा क्षण असतो, तसं काहीतरी होतं. “ताई प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीले पाच स्पेस देतात,” ती म्हणाली. “मी ते रोज सकाळी काढते. ते राहिले तं मजकूर लपते. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी ताईंले.”

ओमप्रकाशजी हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. “स्पेस? कोऱ्या जागेनं अक्षर खाल्लं म्हणते? मले का बच्चा समजून राहिली तू?”

“पाच जागा सोडूनच परिच्छेद सुरू करतात,” अरुंधतीताई म्हणाल्या. त्यांना खरोखर अपमान वाटला. रुपराव सरांच्या टंकलेखनाच्या वर्गात चार जागा सोडल्या तर सर कागद ओढून फाडायचे. परीक्षेत त्याचे गुण कापले जायचे. “चाळीस वर्षं मी तसंच करते आहे. चाळीस वर्षांत एक अक्षर हरवलं नाही माझं. तू आलीस आणि हरवू लागलं.”

शोभाताई समोर बसल्या होत्या, मालक चिडलेला होता. संगणकावर बसवून दाखवायला दोन मिनिटं लागली असती, पण ती दोन मिनिटं रीनाला कुणी दिली नाहीत. ओमप्रकाशजी म्हणाले की कच्च्या नेमणुकीचा आता काही प्रश्न उरला नाही, उद्यापासून यायचं नाही. रीनानं किल्ली मेजावर ठेवली, डबा उचलला आणि गेली. शोभाताईंना गुरुवारपर्यंत नवी प्रत द्यायचं ठरलं. जाताना त्यांनी रीना गेली त्या दाराकडं एकदा पाहिलं.

मंगळवारी ऑफिसात अरुंधतीताईंना हवी तशी शांतता होती. आता कुणी हात लावणार नव्हतं. त्यांनी कप्पा उघडला, फायली पाहिल्या. सगळा मजकूर होता, सोमवारी नव्हता असं ज्याच्याबद्दल रणकंदन झालं तो एकूण एक परिच्छेद. त्यांनी चित्रावर टिचकी मारली. एकोणीस पानं.

त्यांनी पुन्हा मारली. एकोणीस.

काहीतरी करून ठेवून गेली असणार. त्यांनी एक कोरी फाईल उघडली आणि फवारणीचं प्रकरण पहिल्या शब्दापासून स्वतः, आपल्या बोटांनी, टंकलं. ही फाईल तर रीनानं जन्मात पाहिली नव्हती. टिचकी मारली. मथळा आला, यादी आली. परिच्छेद एकही नाही.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. संशय घ्यायला आता एकच माणूस शिल्लक होतं. त्यांनी पहिल्या परिच्छेदाच्या सुरुवातीला जाऊन एक कळ दाबली, टक, टक, टक, टक, टक. पाच जागा गेल्या, ओळ समासाला चिकटून उघडी बोडकी उभी राहिली. त्यांना ती पाहवेना. त्यांनी टिचकी मारली.

या वेळी तयार फायलीत तो एकच परिच्छेद आला आणि त्यानंच सगळं सांगितलं. ‘फवारणीला निघताना तोंडाला दुपट्टा बांधा,’ असा तो सुरू होत होता आणि आजूबाजूला त्याच्या जातीचं दुसरं काही नव्हतं.

मग त्यांनी सेटिंगची फाईल उघडली. अवघड असेल असं वाटलं होतं. तिथं मराठीत साध्या ओळी होत्या. मोठा मथळा: ठळक, अक्षर अठरा. तक्ता: बारीक रेघ. आणि मग: ‘समास सोडून लिहिलेला मजकूर म्हणजे आपसातली सूचना. छापखान्याच्या प्रतीत लपवायचा. (साहेबांनी सांगितलं आहे, मागे आपल्या शंका छापल्या गेल्या होत्या.)’ त्याखाली आणखी एक ओळ होती. ‘अरुंधतीताईंना समास सोडायची सवय आहे. नियम बदलला तर बाकीच्यांच्या सूचना छापल्या जातील. म्हणून ताईंच्या फायली रोज त्या येण्याआधी साफ करणे. त्यांना पुन्हा सांगू नये, वाईट वाटतं.’

अरुंधतीताईंनी ती ओळ कितीदा वाचली कुणास ठाऊक. त्यांना रडू आलं नाही. त्यांना स्वतःची किळस आली. नऊ दहा, नऊ आठ, नऊ बारा. एक पोरगी रोज लवकर येऊन त्यांच्या सवयीवर पांघरूण घालत होती, आणि त्या तिच्या वेळा किराण्याच्या यादीखाली लिहून घेत होत्या.

त्यांचं बरं एवढंच म्हणायचं की त्या बसून राहिल्या नाहीत. ओमप्रकाशजींच्या खोलीत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, त्यांना संगणकापाशी आणून करून दाखवलं. पाच जागा दिल्या, मजकूर गेला. काढल्या, आला. ओमप्रकाशजींनी डोकं खाजवलं.

“जाऊ द्या आता. पुस्तक तं निघते ना? शोभाताईंले आपण सांगून बसलो का जिची चूक होती तिले काढलं. आता उलटं काय सांगायचं?”

“त्यांच्यासमोर मी तिचं नाव घेतलं होतं,” ताई म्हणाल्या. “त्यांनाच सांगायचं.” आणि मालकाच्याच फोनवरून, मालकासमोर, त्यांनी भिवापूरला फोन लावला. शोभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मले वाटलंच होतं वं ताई. चोरी करनारी किल्ली अशी ठेवून जात नाही. मंग आता मले काहून सांगता? तिले सांगा.”

ओमप्रकाशजींनी रीनाला फोन केला, परत ये म्हणाले, पक्की नेमणूक देतो म्हणाले. ती म्हणाली, विचार करून सांगते. गुरुवारी पुस्तिका चौसष्ट पानांची निघाली. शुक्रवार गेला. ती आली नाही.

शनिवारी दुपारी अरुंधतीताई सीताबर्डीच्या बाजारात गेल्या. रीनाच्या भावाचा व्हरायटी चौकाच्या अलीकडे मोबाइलच्या कव्हरांचा आणि चार्जरचा ठेला होता, हे त्यांना कधीतरी डबा खाताना कळलं होतं. गर्दीतून वाट काढत त्या पोहोचल्या तर रीना एकटीच होती, फोन कानाला. ताईंना पाहून तिनं मान थोडी वळवली, आवाज खाली आणला आणि “आता नाही, नंतर बोलते” म्हणून फोन ठेवला.

“या ताई,” ती म्हणाली आणि स्टूल पुढं सरकवलं. “पुस्तक बरोबर निघालं का?”

हा पहिला प्रश्न ताईंना सगळ्यात जड गेला. “निघालं,” त्या म्हणाल्या. “मी जागा काढल्या. सगळ्या. आता देतही नाही.” मग बसमध्ये घोकलेलं सगळं विसरून त्या सरळ म्हणाल्या, “माझं चुकलं, रीना. मी तुझ्याशी फार वाईट वागले. तुझी माफी मागायला आले आहे. तू परत ये.”

रीना बराच वेळ एका कव्हरावरची धूळ पुसत राहिली. “तुम्ही शोभाताईंले फोन केला, ते कळलं मले. साहेब बोलले. बरं वाटलं.”

“मग येतेस?”

“मले एक सांगा, ताई. खरं सांगा.” तिनं वर पाहिलं. “तुम्ही आता आल्या, तेव्हा मी फोनवर बोलून राहिली होती. तुम्हाले पाहून ठेवला. तुम्हाले काय वाटलं, मी कोणाशी बोलत असीन?”

अरुंधतीताई खोटं बोलू शकल्या असत्या. काही नाही वाटलं, एवढे तीन शब्द पुरले असते. पण एवढ्या लांब त्या खोटं बोलायला आल्या नव्हत्या.

“ओमप्रकाशजींशी,” त्या म्हणाल्या. “वाटलं, माझ्याबद्दल सांगते आहेस.”

“गिऱ्हाईक होतं. चार्जर बिघडला म्हणून बोलून राहिलं होतं.” ती रागावली नाही, हसलीही नाही. “मले तुमचा राग नाही, ताई. पण बाजूच्या खुर्चीवर बसून दिवसभर कोणी आपल्याले असं पाहून राहिलं, तं हात चालत नाही माहा. तुम्हीच सांगा, मी कशी येऊ?”

एवढ्यात दोन मुली कव्हर पाहायला आल्या, रीना त्यांच्याकडं वळली, भाव सांगू लागली. एकीच्या कानात ती काहीतरी हळूच बोलली आणि तिघी हसल्या. आपल्यालाच हसल्या का, असं अरुंधतीताईंच्या मनात आलं. ते आलं, आणि आपण आलं म्हणून पकडलं, आणि तरी ते गेलं नाही. त्या स्टुलावरून उठल्या आणि रीनाचं लक्ष नसताना गर्दीत मिसळल्या.